उणे ऐंशीत जपलेल्या नऊ कुप्या

मित्रांनो, माझ्या पोटात हात घालायचा तर आधी जाड हातमोजे चढवावे लागतात. उघड्या हाताने कुणी आतल्या डब्याला शिवलं, तर कातडी डब्यालाच चिकटून बसते. एवढी मी थंड. उणे ऐंशी अंश! म्हैसूरच्या ज्या हवेला लोक गार म्हणून नावाजतात, ती माझ्या मानाने भट्टीच. प्रयोगशाळेतले लोक मला डीप फ्रीझर म्हणतात. मी स्वतःला शीतपेटी म्हणते. वयाने जुनी, पण अजून कुणाची एक कुपीसुद्धा मी वितळू दिलेली नाही, हे पहिल्यांदाच सांगून टाकते. पुढे सांगायचं ते सगळं ह्या एका गोष्टीवर उभं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. १९९४ साली लाकडी खोक्यात बसून मी जहाजाने मद्रासला उतरले आणि तिथून लॉरीने म्हैसूरला आले. जयलक्ष्मीपुरमच्या बाजूला एक प्रयोगशाळा आहे, तिथे माझी स्थापना झाली. माझ्या पोटाखाली दोन कॉम्प्रेसर आहेत. एकाने थंड करायचं, दुसऱ्याने त्याहून थंड करायचं. दोघांची घरघर ऐकून नवी माणसं दचकत, पण नरसिंहमूर्ती म्हणे, "घोरते आहे, म्हणजे बरी आहे."

नरसिंहमूर्ती हा प्रयोगशाळेतला मदतनीस. जन्माने कन्नड, पण मराठी रंगाऱ्यांच्या गल्लीत वाढलेला, त्यामुळे त्याची मराठी अर्धी तिकडची आणि अर्धी इकडची. दर महिन्याला तो माझ्या दारावरचं हिम लाकडी पट्टीने खरवडून काढी. लोखंडी पट्टी त्याने कधी लावली नाही. "तिला ओरखडा जातो," म्हणे. मित्रांनो, यंत्राला ओरखडा जातो हे ज्याला कळतं, त्याच्या हाती यंत्र सोपवावं.

पहिली बारा वर्षं मी भाताची बियाणी, बुरशी, उंदरांची काळजं असलं काहीबाही सांभाळलं. माणसांचं रक्त माझ्याकडे आलं ते २००६ साली, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. ते डॉक्टर कमलाक्षीने आणलं. ती पदवीची डॉक्टर, औषध देणारी नव्हे. ती त्याच रंगारी गल्लीतली मुलगी होती. तिच्यासोबत गल्लीतली दोन माणसं आली होती. एक कुसुमावती, आणि दुसरा तिचा धाकटा दीर गुरुराव.

ह्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवलं आणि छापलं. पुढे गिरणीच्या कापडापुढे तो धंदा बसला. मग १९९३ साली त्यांनी एका कारखान्याचं काम घेतलं. छत्र्यांच्या, रेनकोटांच्या आणि दप्तरांच्या कापडाला पाणी न धरणारा लेप द्यायचा. कापड हौदात बुडवायचं, पिळायचं, गरम हवेत सुकवायचं. तेरा वर्षं काम चाललं. २००६ मध्ये कारखाना बंद पडला आणि कामही बंद झालं.

आता रंगाऱ्यांची एक रीत ऐका. त्यांचा स्वतःचा हात हेच त्यांचं मोजमाप. निळीत हात घातला तर तो निळा होतो. जेवायला बसण्याआधी चिंच आणि राख लावून हात घासायचा, आणि कातडी मूळच्या रंगावर आली की समजायचं, रंग गेला. लेपाच्या ह्या नव्या औषधाला रंगच नव्हता. पाण्यासारखं नितळ. मग घासायचं तरी काय? कुसुमावती हौदात कोपरापर्यंत हात घालून कापड ढवळी, पदराला हात पुसून तशीच भाकरी थापायला बसे. हौदाचं उरलेलं पाणी परसात, विहिरीशेजारी ओतून देत. रंगीत पाणी त्यांनी विहिरीजवळ कधीच ओतलं नसतं. तेवढी शिस्त होती. हे बिनरंगाचं, म्हणून ओतलं.

कमलाक्षीने दोघांना समोर बसवून सांगितलं, तेव्हा मी शेजारीच होते.

"काकी, त्या औषधात कार्बन आणि फ्लोरिन यांची अशी गाठ असते की ती ऊन सोडवत नाही, पाणी सोडवत नाही आणि जंतूंनाही कुरतडता येत नाही. ते शरीरात गेलं की रक्तात राहतं. मूत्रपिंडं रक्त गाळतात ना, पण इथे ती फसतात. गाळून काढलेलं हे औषध कामाचं समजून परत आत ओढून घेतात. थोडं पित्ताबरोबर आतड्यात उतरतं, तर तिथूनही बरंचसं माघारी येतं. रोज अगदी कणभर निसटतं."

"म्हणजे जातच नाही म्हण की," कुसुमावती म्हणाली.

"जातं. पण हळूहळू. किती हळू ते मला बघायचंय. दर दसऱ्यानंतर तुम्ही दोघांनी थोडं रक्त द्यायचं, आणि मी ते जपून ठेवणार. आणि त्या विहिरीचं पाणी आजपासून प्यायचं नाही."

त्या दिवशी रक्त गरगर फिरवून त्यातला पिवळसर पातळ भाग वेगळा केला गेला, आणि तो छोट्या कुप्यांत भरून माझ्या तिसऱ्या कप्प्यात आला. कुप्यांवर कमलाक्षीने शिसपेन्सिलीने नावं लिहिली, कारण शाई हिमात पुसट होते. असं दर वर्षी होऊ लागलं. कुसुमावती येताना स्टीलच्या डब्यात विठ्ठलाचा प्रसाद आणी. गुळाचा भात, वर तूप. कमलाक्षी जिभेवर कणभर ठेवून बाकीचा नरसिंहमूर्तीकडे सरकवी, आणि तो डबा चाटूनपुसून परत देई.

तेव्हा आमच्याकडे हे औषध मोजायचं यंत्र नव्हतं. कुसुमावतीच्या २००६ च्या रक्ताचा थोडा भाग बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत पाठवला, तर आकडा आला ऐंशी, म्हणजे मिलिलिटरमागे ऐंशी नॅनोग्रॅम. २०१० मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाली होती, म्हणून त्या वर्षीचा नमुना दुसरीकडे पाठवला. आकडा आला ब्याण्णव.

कुसुमावतीने आकड्याचा कागद पुढे ओढून घेतला.

"चार वर्षं झाली हौदाला हात लावून. आणि वाढलं?"

"काकी, दोघांचे तराजू वेगळे आहेत. दोन दुकानांच्या तराजूंवर तोललेलं..."

"तराजू कसला गं! माझ्या अंगात ते मुरलंय. पक्क्या रंगासारखं."

त्यानंतर तिने अंग धुवायला घेतलं. खरंच, कापड धुतात तसं. एरंडेल प्यायली, कडू काढे प्यायली, उन्हात बसून घाम काढला, आठवड्यातून तीन-तीन दिवस उपाशी राहिली. पुढच्या दसऱ्याला आली तेव्हा हाताची शीर सापडेना. गुरुराव काम बंद पडल्यावर लगेच वेगळं घर करून कुवेंपुनगरात राहायला गेला होता. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही कापड नव्हे, पिळून वाळत घालायला. मूर्ती, ह्यांना आधी कॉफी दे."

"बेडा," कुसुमावती म्हणाली. नको. पण कॉफी प्यायली.

त्याच वर्षी माझ्यावर वाईट दिवस आले. नवी शीतपेटी आली. तिच्या दारावर हिरवे आकडे चमकत, आणि ती घोरत नसे. मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात ढकललं गेलं. माझ्यावर कुणी वर्तमानपत्रं ठेवी, कुणी हेल्मेट. वरून कागद आला, जुन्या पेटीतले नमुने नष्ट करून पेटी लिलावात काढावी. नवीत सगळं मावेल एवढी जागा नव्हती. कमलाक्षी तो कागद घेऊन तीनदा कार्यालयात गेली, आणि नरसिंहमूर्तीने माझ्या प्लगवर चिकटपट्टी गुंडाळून लिहून ठेवलं, 'हात लावू नये. आत माणसं आहेत.' त्यावर सगळे हसले. पण कुणी प्लग काढला नाही.

२०१२ च्या एप्रिलात भर दुपारी वीज गेली आणि जनरेटर सुरूच होईना. नवीकडे सगळे धावले, तिच्यात महत्त्वाचं काम होतं. माझ्यापाशी नरसिंहमूर्ती एकटा. त्याने माझ्या दाराच्या फटीवर चिकटपट्टी लावली आणि दाराला पाठ टेकून स्टुलावर बसला. कुणी आलं की म्हणे, "उघडायचं नाही. बंद ठेवलं तर ती धरून ठेवते." साडेसात तास! माझा काटा उणे ऐंशीवरून उणे बावन्नवर आला, पण एका कुपीतला एक थेंबही पातळ झाला नाही. मित्रांनो, मी सगळ्यात जास्त कशाचा अभिमान बाळगते असं विचाराल, तर त्या दुपारचा.

२०१४ मध्ये मोजायचं यंत्र आमच्याच इमारतीत आलं. त्याच दसऱ्यानंतर कुसुमावती आली ती एकटी नव्हे. तिची मुलगी जानकी सोबत होती. दोन वर्षांपूर्वी तिला बन्नूरला दिली होती. आता सातवा महिना चालू होता, बसने धक्के खात आली होती आणि चिडली होती.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला. म्हणते, बाळंतपणाला येऊ नको. बन्नूरलाच राहा. सासूबाईंनी विचारलं, आईचं काही बिनसलंय का? काय सांगू मी? पहिलं बाळंतपण माहेरी नको म्हणणारी आई कुणी पाहिलीये का?"

"तुझ्याचसाठी म्हणते ना," कुसुमावती म्हणाली. "त्या घरात मी आहे. माझ्यातून ते जात नाही. तू आलीस, माझ्या हातचं खाल्लंस, उद्या बाळाला मांडीवर घेतलं..."

"आई, तू काय कांजिण्या आहेस का, लागायला?"

नरसिंहमूर्ती हसला आणि लगेच तोंड फिरवून माझं हिम खरवडू लागला.

कमलाक्षी म्हणाली, "काकी, तीन दिवस थांबा. आतापर्यंत आपण दोन वेगळ्या तराजूंवर तोललं. आता तुमच्या नऊ वर्षांच्या नऊ कुप्या आणि गुरुरावकाकांच्या नऊ, सगळ्या एकाच दिवशी, एकाच यंत्रावर मोजते. ते खरं. मगच जानकीला नको म्हणा."

तिने हातमोजे चढवले आणि माझा तिसरा कप्पा ओढला. २००६, २००७, २००८... एकेक कुपी धुक्यासारखी वाफ सोडत बाहेर आली. एकही फुटलेली नव्हती. पेन्सिलीचं एकेक अक्षर जागच्या जागी. कमलाक्षीने माझ्या दारावर हात ठेवला. हातमोजा होता, तरी मला कळलं.

तिसऱ्या दिवशी सगळे जमले. गुरुरावही आला. कमलाक्षीने माझ्याच दारावर चुंबकाने कागद लावला. गुरुरावाची रेघ शंभरापासून निघून एकेक पायरी उतरत होती. चार वर्षांत पन्नास, आणखी चार वर्षांत पंचवीस.

"दर चार वर्षांनी निम्मं," कमलाक्षी म्हणाली. "गुरुरावकाकांनी ना काढे घेतले, ना उपास केले."

"मी काहीच केलं नाही, हे पहिल्यांदा कुणीतरी कौतुकाने म्हणालं," गुरुराव म्हणाला.

कुसुमावतीची रेघ शहाण्णववरून निघाली होती. उतरत होती, पण कशीबशी. आठ वर्षांत एकोणसत्तर.

"बघितलंस?" ती जानकीला म्हणाली. "त्यांचं गेलं. माझं नाही जात."

"थांबा." कमलाक्षीने दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. "तुमचं शरीरही ते काढतंच आहे. नाहीतर रेघ खाली आलीच नसती. पण कुणीतरी वरून घालतंय. हौद सुटला, तरी कुठूनतरी येतंय. काकी, विहिरीचं पाणी पिता का?"

"तू सांगितलंस त्या दिवसापासून एक घोट नाही. प्यायला नळाचं, स्वयंपाकाला नळाचं. विठ्ठलाची शपथ."

ती खोटं बोलत नव्हती. बोलता बोलता तिने नेहमीसारखा डबा पुढे केला. "घे. आज द्वादशी. पहाटे ओलेत्याने पाणी काढून केलाय, सोवळ्यात, मडीत."

कमलाक्षीचा हात तिथेच थांबला.

"पाणी काढून म्हणजे? कुठून?"

"कुठून म्हणजे? मडीचं पाणी विहिरीचंच. नळाचं पाणी किती हातांतून, किती नळ्यांतून येतं, ते देवाला कसं चालेल? नैवेद्याचा भात, वरण, पायस सगळं..."

"रोज?" कमलाक्षीने हळूच विचारलं.

"रोज. तोच प्रसाद मी दुपारी जेवते. पण ते जेवण कुठे, तो प्रसाद..."

नरसिंहमूर्ती डब्याकडे बघत म्हणाला, "अय्यो! अक्का, आठ वर्षं तुमचा डबा मीच चाटतोय. डॉक्टर, माझं पण रक्त काढा."

"तू वर्षातून एकदा चाटतोस," कमलाक्षी म्हणाली. "तुझ्या रक्तात कॉफीच सापडेल."

पण कुसुमावतीला हसू आलं नाही. तिने डबा झाकून पोटाशी धरला. "मी देवाला रोज हे दाखवलं? आठ वर्षं? आणि ही लग्न होईपर्यंत रोज ते जेवली..."

गुरुराव तिच्यासमोर येऊन बसला. एरवी थट्टा करणारा तो माणूस तेव्हा नीट बोलला. "वहिनी, देवाला आपण दाखवतो, खातो आपण. त्याला काही झालेलं नाही. झालं ते तुम्हाला झालं, आणि आता कशाने ते कळलं. आणि नळाला तरी दुसरं काय येतं हो? कावेरीच येते ना? कावेरीत बुडी मारायला आपण श्रीरंगपट्टणला जातो, आणि तीच परसात आली तर ती चालत नाही?"

विहिरीच्या पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी यंत्रावर गेली. ज्याचा संशय होता, तेच भरपूर निघालं. नळाच्या पाण्यात जवळपास काहीच नव्हतं. जानकीचं रक्तही मोजलं. आकडा एकतीस.

"बाळाला दूध पाजू ना मी?" जानकीने विचारलं. एवढा वेळ तावातावाने बोलणारी ती, हे विचारताना मात्र आईचा हात धरून होती.

कमलाक्षीने तिच्यापासून काही लपवलं नाही. "दुधातून थोडं बाळाला जाईल. बाळंतपणात, दुधात आणि दर महिन्याच्या रक्तात बायकांच्या अंगातून ते थोडं जास्त निघतं, हे खरं आहे. पण आईच्या दुधाने बाळाला जे मिळतं ते त्याहून पुष्कळ मोठं. तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनाही हा आकडा दाखव. त्याही पाज म्हणूनच सांगतील. तू फक्त त्या विहिरीचं काही पोटात जाऊ देऊ नकोस."

कुसुमावतीने नाक पुसलं आणि पदर खोचला.

"भावजी, उद्या लोहार बघा. विहिरीवर पत्रा बसवायचाय, कुलपासकट. जानकी, सासूबाईंना फोन लाव. म्हणावं, आई येत्या शुक्रवारी न्यायला येतेय."

"आधी नको म्हणत होतीस."

"सुम्मने, उगाच बडबडू नकोस. लाव फोन."

पुढचं मला ऐकूनच कळलं. पहाटे अंघोळ करून नळाखाली तांब्याची कळशी लावायची, आणि त्या पाण्याने देवाचा भात, असा तिने नवा नेम धरला. पहिल्या दिवशी विठ्ठलासमोर तासभर बसून माफी मागितली म्हणे, आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखाच त्याच्याशी वाद घालायला लागली. बाळ डिसेंबरात झालं. मुलगी. तीन किलो दोनशे. नरसिंहमूर्तीने हा आकडाही पेन्सिलीने माझ्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला आहे.

मग मी वर्षावर्षाच्या कुप्या पोटात घेत राहिले. २०१५ चा आकडा अठ्ठावन्न. पुढचा एकोणपन्नास, मग एकेचाळीस. २०१८ च्या दसऱ्यानंतर कुसुमावती आणि जानकी दोघी आल्या. कमलाक्षीने यंत्राचा कागद आणून कुसुमावतीच्या हातात दिला. चौतीस. चार वर्षांत निम्मं, तिच्या दिराचं उतरलं होतं अगदी तसंच. एरंडेल नाही, उपास नाही. घालणं बंद केलं आणि शरीराला वेळ दिला, एवढंच. जानकीचा आकडा चौदावर आला होता.

जानकी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आई, मला पुन्हा... तिसरा महिना आहे."

कुसुमावतीने कागद घडी करून कनवटीला लावला. "सातवा लागला की यायचं. उशीर केलास तर मी बन्नूरला येऊन, तुझ्या सासूबाईंसमोरून हाताला धरून नेईन. आताच सांगून ठेवते."

"आणि त्यांनी सोडलं नाही तर?"

"तर त्यांनाही घेऊन येईन. घर मोठं आहे."

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझा एक कॉम्प्रेसर अधूनमधून दम खातो. पण माझ्या तिसऱ्या कप्प्यात अजून जागा आहे. तुमच्या गावात कुणी असलं बिनरंगाचं काम करत असेल, तर त्याला सांगा की पहिली कुपी आजच ठेव. आजचं जपलं नाही, तर उद्या किती उतरलं ते कशाशी ताडून बघणार? शरीर आपलं काम सोडत नाही. ते हळू करतं, म्हणून त्याच्यावर रागावू नका आणि त्याला उपाशीही मारू नका. वरून घालणं तेवढं थांबवा.

आणि व्हरांड्यात माझ्यासारखी एखादी जुनी, घोरणारी पेटी दिसली, तर प्लग काढण्याआधी दार उघडून बघा. हातमोजे घालून. आत कुणाच्या तरी आईचं रक्त असेल, आणि ते वितळू नये म्हणून ती तिथे उभी असेल.